वावरात राबणं म्हणजे व्यायाम नाही काय, सिस्टर?

शुगर-बीपी तपासता तपासता मी व्यायामाचा विषय काढला की समोरचा माणूस हमखास हसतो. "सिस्टर, सकाळी सहाले वावरात जातो, पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन फवारतो, संध्याकाळी बंडीत चुंगड्या भरतो, आता आणखी कोणता व्यायाम करू?" अन् बायका तर सरळ रागावतात. "माय, कापूस येचू येचू कंबर गेली आमची, अन् तुम्ही म्हणता वजन उचला!"

प्रश्न अगदी बरोबर आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे सामुदायिक आरोग्य अधिकारी आहे, बाहेर पाटी आयुष्मान आरोग्य मंदिराची आहे पण गावासाठी तो दवाखाना अन् मी सिस्टर. इथं बसून रोज जे दिसते ते असं की सर्वात जास्त घाम गाळणारी माणसंच पावसाळा लागला की तापानं पडतात, तुरीचा खुट पायात रुतला तर जखम महिनाभर भरत नाही, खोकला एकदा लागला की दिवाळीपर्यंत हटत नाही. नुसत्या मेहनतीनं इम्युनिटी येत असती तर आमच्या गावात उपकेंद्राची गरजच नव्हती. अन् मी स्वतः वजनं उचलते, तालुक्याच्या जिममध्ये सकाळी बायकांचा वेगळा टाइम असतो तिथे, पाऊस असला की घरीच सोयाबीनच्या चुंगडीवर भागवते. म्हणून या विषयावर एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

आधी हे सांगते की इम्युनिटी नुसती वाढून काही उपयोग नाही. आमवात, ॲलर्जी हे सगळं इम्युनिटी नको तिथे जोर करते म्हणूनच होते. काम पडलं तेव्हा ती लवकर उठली पाहिजे अन् काम झालं की चूप बसली पाहिजे, बस. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट आपल्या अमरावती-यवतमाळकडूनच उठली, २२ तारखेपासून अमरावतीत लॉकडाऊन लागला, अन् तेव्हापासून लोकांच्या डोक्यात जे इम्युनिटी बूस्टरचं भूत शिरलं ते अजून निघालं नाही. ताकदीची सलाईन तर त्याच्याही आधीपासून आहे. थकवा आला, हातपाय गळाले, की चला सलाईन लावून घेऊ. राजेहो, ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरी, त्यात बी-कॉम्प्लेक्स टाकून पिवळी केली की भाव वाढतो एवढंच. जुलाब-उलट्यांत, डेंग्यूत सलाईन जीव वाचवते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या बाटलीतून ताकद येत नाही, ताकदीची जागा वेगळी आहे.

आता वजन उचलल्यावर अंगात काय होते ते पाहू. हृदय जोरानं चालते, ॲड्रिनलिन सुटते, अन् रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून असलेल्या, प्लीहेत थांबलेल्या पांढऱ्या पेशी रक्तात उतरतात. ही गोष्ट काही नवीन नाही, १९०१ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये चार जणांचं रक्त तपासलं होतं तेव्हाच पांढऱ्या पेशी एकदम वाढलेल्या दिसल्या होत्या. सर्वात जास्त उसळतात त्या एनके पेशी, ज्या व्हायरस शिरलेल्या पेशींना शोधून मारतात. व्यायाम थांबला की तासा-दोन तासांत आकडा खाली येतो, व्यायाम फार लांबला असला तर आधीपेक्षाही खाली. या खाली येण्यानं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं घाबरवून ठेवलं होतं. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांनी धावणाऱ्यांना विचारलं तर पुढच्या आठवड्यात जवळपास १३ टक्के लोकांनी सर्दी-तापाची तक्रार सांगितली, अन् तयारी करूनही जे त्या दिवशी धावले नाहीत त्यांच्यात फक्त २ टक्क्यांच्या आसपास. तेव्हापासून सगळीकडे हेच चालू झालं की जोराच्या व्यायामानं काही तास इम्युनिटीचं दार उघडं पडते.

२०१८ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातल्या कॅम्पबेल अन् टर्नर या दोघांनी हे सगळं पुन्हा तपासून मांडलं. त्यांचं म्हणणं असं की पेशी मरत नाहीत, त्या रक्तातून निघून फुफ्फुसात, आतड्यात जातात, जिथून रोग शिरतो तिथे. रक्तात कमी दिसल्या म्हणजे अंगात कमी झाल्या असं नाही. अन् मॅरेथॉननंतरची सर्दी? हजारो लोकांची गर्दी, प्रवास, रात्रीची झोप नाही, त्यातून ती सर्दी लोकांनी स्वतः सांगितलेली, कोणी तपासलेली नाही. मला हे पटते. आपल्याकडे यात्रा करून आलेला प्रत्येक माणूस आठवडाभर खोकतो, तो काय मॅरेथॉन धावून येतो?

वजनाच्या व्यायामात हीच उसळी येते पण लहान, अन् लवकर बसते. सहा महिने जिम करून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी काढली तर पांढऱ्या पेशींचा आकडा जवळपास तोच राहतो, म्हणून त्या रिपोर्टमध्ये फायदा शोधू नका. फायदा दुसरीकडे आहे, अन् मला तोच भाग सर्वात भारी वाटते.

स्नायू नुसतं ओढायचं-उचलायचं काम करत नाही. कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या टीमनं २००० च्या सुमारास दाखवलं की काम करणारा स्नायू स्वतःच आयएल-६ नावाचं रसायन रक्तात सोडतो. अशा रसायनांना २००३ पासून मायोकाइन म्हणतात. आता आयएल-६ चं नाव कोविडमध्ये भल्लं बदनाम झालं होतं, ज्या टोसिलिझुमॅब इंजेक्शनसाठी लोक नागपूरभर फिरले ते आयएल-६ लाच अडवायचं औषध. मग तेच स्नायूतून आलं तर चांगलं कसं? तर ते थोड्या वेळासाठी येते, एकटं येते, अन् जाताना मागे आयएल-१० सारखी सूज कमी करणारी रसायनं वाढवून जाते. पोटावर, आतड्यांभोवती साचलेली चरबी याच्या उलट करते, ती दिवसरात्र थोडी थोडी सूज चालू ठेवते, बाहेरून काही दिसत नाही पण रक्तातला सीआरपी, म्हणजे सूज असली की वाढणारं प्रोटीन, तपासला की कळते. वजनाचा व्यायाम नियमित करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांमध्ये हा सीआरपी थोडा खाली आलेला बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. थोडाच, फार नाही. पण सूज आधीच चालू असलेल्या अंगाला खरा रोग आला तर त्याच्याकडे नीट लक्ष देता येत नाही, म्हणून तो थोडाही कामाचा.

आणखी आयएल-७ अन् आयएल-१५ आहेत, टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) अन् एनके पेशींना जगवणारे, तेही स्नायूत तयार होतात. २०१८ मध्ये बर्मिंगहॅम अन् लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ सायकलवाले तपासले होते, त्यांच्या छातीतली थायमस ग्रंथी तरुण माणसाइतक्या नवीन टी पेशी बनवत होती, जी एरवी वय वाढलं की आटत जाते. मात्र ते सायकलवाले होते, वजनवाले नाही, अन् अनेक वर्षांपासून चालवणारे. जिमची पोट्टी हा अभ्यास डंबेलच्या फोटोखाली टाकून राहिली आहेत, म्हणून सांगितलं.

अन् आता ती ताकदीची जागा. आजारी पडल्यावर पांढऱ्या पेशी भराभर वाढवायला अंगाला कच्चा माल लागतो, अमिनो ॲसिड म्हणजे प्रोटीनचे सुटे तुकडे, त्यातही ग्लुटामिन, जे त्या पेशी जळण म्हणूनही वापरतात. त्या वेळी तोंडाला चव नसते, जेवण जात नाही. मग माल कुठून येतो? स्नायूतून. शरीर स्नायू मोडून वापरते. घरातल्या ज्वारीच्या कोठीसारखं आहे हे, पीक बुडालं तरी कोठी भरलेली असली तर वर्ष निघते. म्हणूनच टायफॉइड, न्यूमोनिया, टीबीतून उठलेल्या माणसाच्या मांड्या अशा वाळलेल्या दिसतात. अन् यात पडून राहण्याची भर वेगळी: २००७ मध्ये अमेरिकेत साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना १० दिवस नुसतं पलंगावर ठेवून पाहिलं, काही आजार नाही, तरी पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला. दहा दिवसांत! आता विचार करा की ज्या बुढीच्या अंगात आधीच काही नाही ती दहा दिवस तापानं पडली तर उठताना काय घेऊन उठेल.

२०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये १७ देशांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात आपला देशही होता, जवळपास १ लाख ४० हजार माणसांच्या हाताची पकड मोजून नंतर चार वर्षं पाहिलं. पकड ५ किलोनं कमी असली की मरणाचा धोका १६ टक्के जास्त. पण मजेची गोष्ट अशी की पकड मजबूत असली म्हणून न्यूमोनियानं भरती होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. म्हणजे मजबूत माणूस आजारीच पडत नाही असं नाही. पडतो. निभावून नेतो.

तर मग वावरात राबणारा माणूस का निभावून नेत नाही? ज्याचे दंड दोरीसारखे ताणलेले दिसतात त्याची कोठी रिकामी काहून?

कारण पंप १६ लिटरचाच राहतो, पुढच्या महिन्यात तो १८ चा होत नाही. स्नायूला जेवढं काम नेहमीचं झालं तेवढ्यापुरताच तो राहतो, पुढे वाढायचं त्याला कारण नसते. अन् कापूस वेचणं म्हणजे दिवसभर वाकून बोटांचं काम, त्यात कंबर थकते, पण मांडी, छाती, पाठ यांना जोर असा लागतच नाही. जिममध्ये मी पाऊण तास असते, प्रत्येक सेट असा की आठ-दहा वेळा उचललं की अकराव्याला जीव जातो, अन् मग एक-दोन दिवस त्या अंगाला सुट्टी. स्नायू वाढतो तो त्या सुट्टीत, खाल्लेल्यावर अन् झोपेवर. वावरात सुट्टी कुठे? निंदण झालं की फवारणी, फवारणी झाली की वेचणी, रात्री लाइटचा टाइम असला की हरभऱ्याला पाणी द्यायला पुन्हा जा. जगभरातले अभ्यास २०१८ मध्ये एकत्र करून पाहिले तेव्हा जड अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांमध्ये लवकर मरणाचं प्रमाण हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त निघालं. त्यात गरिबी, तंबाखू हे सगळं मिसळलेलं असणार, आपल्याकडचा खर्रा तर विचारूच नका. पण दिशा तीच दिसते.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं बरं का. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांची टीम तिकडे जाऊन प्रात्यक्षिकं करून आली. गावोगाव मारुतीच्या देवळाजवळ आखाडे होते. अन् घरातलं जे पोरगं आखाड्यात जायचं त्याच्या दुधाचा गिलास वेगळा असायचा, त्याला वावरातली जड कामंही जरा कमी. हे लाड नव्हते, हिशोब होता. आता आखाडे मोडले, दूध डेअरीत जाते, वावराचं काम तेवढं राहिलं.

खाण्याचा हिशोब तर आणखी वाईट. आयसीएमआरच्या हिशोबानं माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते, ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. मी घरोघरी विचारते तेव्हा ताटात काय असते, भाकर किंवा पोळी, मिरचीचा ठेचा, आलू-वांग्याचा रस्सा, अन् वरण असं पातळ की वाटीच्या तळाचं फूल दिसते. अन् ताटात नाही ते कुठे आहे? समोरच्या खोलीत चुंगड्यांत, तूर, हरभरा, सोयाबीन, भाव वाढायची वाट पाहून राहिलं. विदर्भात एवढी डाळ पिकते अन् इथल्या पोरींचं हिमोग्लोबिन मी मोजते तर सांगायची लाज वाटते. बरं, आपल्याला करता येत नाही असंही नाही. डाळभाजी आहे, गोळाभात आहे, पाटोडी आहे, झुणका आहे, सगळं प्रोटीनचंच. पण हे पाहुणे आले की, एरवी नाही.

प्रोटीनचा अन् रोगाचा संबंध ज्यांना हवेतला वाटतो त्यांच्यासाठी झारखंडचा अभ्यास सांगते, २०२३ मध्ये छापून आला. टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला जास्तीचं रेशन दिलं, तांदूळ, डाळ अन् सोबत व्हिटॅमिनच्या गोळ्या. ज्यांना दिलं त्यांच्यात नवीन टीबी जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला. फक्त खाऊन. म्हणून टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारकडून निक्षय पोषणचे जे १००० रुपये महिन्याला येतात ते रिचार्जमध्ये घालू नका म्हणून मी घसा फोडून सांगते. अन् डायबिटीस असला तर टीबीचा धोका दोन-तीन पट होतो, हे तर ट्रेनिंगमध्येच शिकवतात. जेवल्यानंतरची साखर रक्तातून उचलायचं मोठं काम स्नायूच करतो, स्नायू कमी म्हणजे साखर रक्तातच फिरते, अन् साखर वाढलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. तो तुरीच्या खुटाचा पाय लक्षात आहे ना, त्यातल्या बऱ्याच लोकांची शुगर तेव्हाच पहिल्यांदा सापडते.

करायचं काय, तर फार नाही. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या सूचनेत आठवड्यातून दोन दिवस वजनाचा व्यायाम सांगितला आहे, सगळ्या मोठ्या स्नायूंना लागेल असा. मी अंगणवाडीच्या ओट्यावर बायकांकडून चार गोष्टी करून घेते: खाटेवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याची कॅन जमिनीवरून मांडीपर्यंत पाठ सरळ ठेवून उचलणं, अन् साडी बांधून ओढणं. माझ्या सासूबाई पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून करतात. कॅनवर मी मार्करनं रेघ ओढली आहे, तेवढंच पाणी भरायचं, दहा वेळा सोपं जायला लागलं की रेघ बोटभर वर. ती रेघ केव्हा वर सरकवायची यावर आमचं दर आठवड्याला भांडण होते, "तू मले हमालीले लावतं काय," पण शेजारची काकू आली की तिला कॅन दाखवल्याशिवाय चहा ठेवत नाहीत. ज्यांना वाटते की म्हातारपणी काय होते त्यांच्यासाठी: बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायाचं वजन करून घेतलं होतं, १९९० मध्ये छापलं, ताकद सरासरी १७४ टक्के वाढली.

मी लस टोचणारी बाई, म्हणून एक गोष्ट खास आवडीची. बर्मिंगहॅममध्ये २००७ च्या एका अभ्यासात फ्लूची लस द्यायच्या सहा तास आधी त्याच दंडाचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता, तर बायकांमध्ये अँटिबॉडी जास्त आल्या, पुरुषांमध्ये पेशींचा प्रतिसाद वाढला. अभ्यास लहान आहे, त्याच्यावर गावभर डंबेल वाटायची गरज नाही. पण लस ती लस, कितीही दंड मारले तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनला सुट्टी नाही. डेंग्यूच्या डासाला दंड पाहून भीती वाटत नाही, अन् २०१८ मध्ये नागपूरकडे स्क्रब टायफस आला होता त्यातला गवतातला किडाही पहिलवान बघून चावत नाही.

काही लोकांनी मात्र विचारल्याशिवाय सुरू करू नका. ताप असताना तर अजिबातच नाही, व्हायरसच्या तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते, अन् घाम काढला की ताप उतरतो हे डोक्यातून काढा. नाक वाहते एवढंच असलं तर हलकं चालते. बीपी वाढलेलं असलं तर आधी गोळी अन् आटोक्यात आल्यावर वजन, अन् उचलताना श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं आकडे मोजा, आपोआप चालू राहतो. हर्नियावाल्यांनी आधी डॉक्टर. सिकलसेल तर आपल्याकडे गावागावात आहे, एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्यानं थकेपर्यंत काही करायचंच नाही, एएस म्हणजे नुसता वाहक असलेल्यानंही पाणी पीत, थांबत थांबत, अन् मे महिन्याच्या दुपारी तर कोणीच नाही. आपलं सिकलसेलचं कार्ड पिवळं की लाल ते माहीत नसेल तर उपकेंद्रात या, तपासून देते.

अन् मागच्या वेळी दोघी-तिघींनी सोयाबीन कसं खायचं विचारलं होतं, ते राहूनच गेलं. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, साल चोळून काढा, नवीन पाण्यात कुकरला चांगल्या शिट्ट्या होऊ द्या, कच्चट राहिलं तर पोट फुगते अन् प्रोटीनही पचत नाही. मग कांदा-टमाटर घालून उसळ, किंवा वाटून पिठल्यात. दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन भाजून दळून आणलं तरी चालते, पोरांना कळतही नाही. फक्त पेरणीतून उरलेल्या बॅगमधलं, औषध लावलेलं रंगीत बियाणं चुकूनही घेऊ नका, ते धुऊनही खायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही.